कागद कोण वाचतो?

खांदा कॉलनीतल्या एखाद्या सोसायटीच्या जिन्यात ‘मुलगा काय करतो हल्ली?’ असे कुणी विचारले आणि ‘डिप्लोमा करतोय’ असे उत्तर आले, तर विचारणारा मान डोलावून वर निघून जातो. खरे म्हणजे त्याला काहीच कळलेले नसते. मुलगा दहावीनंतर तीन वर्षांच्या पॉलिटेक्निकला असेल, तर त्याच्या कागदावर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा शिक्का येणार. तो डी.एल.एड. करत असेल, जुन्या लोकांच्या भाषेत डी.एड., तर मास्तर होणार. पदवीनंतरचा पीजी डिप्लोमा असेल तर मामला वेगळाच. एखाद्या गाळ्यातल्या क्लासचा सहा महिन्यांचा डिप्लोमा असेल, तर त्याचे मोल क्लासचालकाच्या शब्दाइतके.

त्यात अलीकडे आणखी एक भर पडली. सेक्टर ११ मध्ये चांगू काना ठाकूर महाविद्यालय आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न, आता स्वायत्त. राज्यातल्या अशा स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्यांत त्याच्या पुढच्या वर्षापासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यानुसार एखाद्या मुलीने बी.कॉम.ची दोन वर्षे पूर्ण करून, वरचे चार श्रेयांकांचे (क्रेडिटचे) काम उरकून शिक्षण थांबवले, तर तिला ‘यूजी डिप्लोमा’ मिळतो. कालपर्यंत याच मुलीला ‘एस.वाय. झाली आणि सोडले’ असे म्हणत.

लग्नाच्या बायोडाटात हा घोळ खपून जातो. ‘शिक्षण : डिप्लोमा’ एवढ्यावर पत्रिका पुढे सरकते. तळोजा एमआयडीसीतल्या कारखान्याच्या गेटवर किंवा नवी मुंबई विमानतळाच्या भरतीच्या रांगेत मात्र तो खपत नाही. पलीकडच्या माणसाला या उमेदवाराच्या हातून नेमके काय होईल ते हवे असते, आणि उमेदवार आपण किती वर्षे कुठे बसलो होतो ते सांगत असतो. शिक्षणाचे कागद, त्यामागचे कौशल्य आणि ते कौशल्य मोजायची पट्टी या तिन्हींसाठी सगळ्यांना एकाच अर्थाने कळतील असे शब्द ठरवणे, हे काम जगभर चालू आहे. वरवर ते शब्दकोशवाल्यांचे काम वाटते. पण कोणते शब्द टिकले आणि कोणते कागदावरच राहिले हे पाहत गेले, की असे दिसते की व्याख्या किती सुंदर केली याला फारसे महत्त्व नसते. तो कागद वाचून ‘चल आत’ किंवा ‘जा परत’ म्हणणारा कुणी दारात उभा आहे का, यावर सगळे ठरते.

या घोळाला इतिहास आहे. मुंबई विद्यापीठाने पहिली मॅट्रिक घेतली ती १८५९ साली. न्या. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा होती विद्यापीठाच्या दारातून आत जाण्यासाठी. कचेरीत कारकुनी मिळण्यासाठी ती काढलेलीच नव्हती. पण सरकारी कचेऱ्यांना माणसे निवडायला काहीतरी सोपी खूण हवी होती आणि ही आयती हाताशी होती. बघता बघता मॅट्रिक ही नोकरीची पात्रता झाली. इतकी, की ‘नॉन-मॅट्रिक’ असा नापासांचाही एक दर्जा तयार झाला. खेड्यापाड्यांत तेच काम व्हर्नाक्युलर फायनलने केले. मराठी सातवीची ती परीक्षा पास झालेला मुलगा प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून उभा राहू शकत असे. या दोन्ही परीक्षांच्या कागदावर माणसाला काय करता येते ते लिहिलेले नव्हते, तरी कागद चालला. वाचणाऱ्याने त्याचा एक अर्थ ठरवून टाकला होता. पुढे १९७५ मध्ये दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली आणि एस.एस.सी. या एकाच नावाचे दोन कागद घराघरांत जमा झाले, एक जुन्या अकरावीचा आणि एक दहावीचा. त्या पिढीतले लोक आजही ‘जुनी अकरावी’ असे मुद्दाम सांगतात. त्या ‘जुनी’त थोडा तोरा असतो, पण माहितीही असते.

या सगळ्या गोंधळात महाराष्ट्राकडे एक कागद असा आहे की त्याचे कौतुक कुणी करत नाही, पण करायला हवे. तो म्हणजे टायपिंगचा. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठी टंकलेखन ३० शब्द प्रति मिनिट किंवा इंग्रजी ४० अशी अट असते. पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची परीक्षाही याच आकड्यांनी ओळखली जाते. ‘माझी मराठी थर्टी झाली, इंग्लिश फोर्टी द्यायचीय,’ असे मुले म्हणतात, तेव्हा या वाक्यात कौशल्याचे नाव आहे, भाषा आहे, वेग आहे आणि तो मोजायचे एककही आहे. हा वेग दोन महिन्यांत आला की दोन वर्षांत, कोणत्या इन्स्टिट्यूटमध्ये आला, याच्याशी कुणाला देणेघेणे नाही. साहेबाला डिक्टेशन द्यायचे असते. टंकयंत्र गेले, संगणक आला, तरी आकडे टिकून राहिले. बाकीच्या कागदांना एवढा सरळपणा का जमला नाही?

कारण बहुतेक कामे मिनिटाला शब्द मोजता येतील अशी नसतात. प्राथमिक शिक्षकांनी हे फार पूर्वी अनुभवले. १९९१ मध्ये दवे समितीने किमान अध्ययन क्षमतांची यादी दिली, राज्याने १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित केला, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘क्षमता’ हा शब्द एकाएकी रोजचा झाला. हेतू चांगला होता: मुलाने चौथीत किती धडे वाचले हे सोडा, त्याला हातच्याची वजाबाकी येते का ते बघा. व्यवहारात गुरुजींच्या टेबलावर रकाने वाढले. पुढे ‘अध्ययन निष्पत्ती’ आली, रकान्यांची नावे बदलली. त्या नोंदी गुरुजींनी भरल्या, केंद्रप्रमुखांनी तपासल्या. पाचवीच्या वर्गशिक्षकाने त्या उघडून आपले शिकवणे तिथून सुरू केले, असे क्वचितच घडले.

धंदेशिक्षणात असाच प्रयत्न देशपातळीवर झाला. केंद्र सरकारने २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित केला. त्याला सगळे एनएसक्यूएफ म्हणतात. कल्पना अशी की देशातल्या प्रत्येक कागदाला, मग तो आयटीआयचा असो, विद्यापीठाचा असो की तीन महिन्यांच्या कोर्सचा, एकाच शिडीवरची पायरी द्यायची. शिडी दहा पायऱ्यांची. पायरी ठरवताना किती वर्षे शिकला हे बघायचे नाही. काम किती गुंतागुंतीचे, त्यासाठी माहिती किती, हातातले कसब किती आणि दुसऱ्याच्या कामाची जबाबदारी घेता येते का, हे बघायचे. सांगितलेले, नेहमीचे काम देखरेखीखाली करणारा खालच्या पायरीवर; काय बिघडले ते स्वतः शोधून उपाय ठरवणारा वर. प्रत्येक व्यवसायासाठी उद्योगांच्या क्षेत्रीय कौशल्य परिषदांनी ‘राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणके’ लिहिली. या कामात काय काय करावे लागते, ते बरोबर झाले हे कशावरून ओळखायचे, असे तुकडे पाडून. आधी नोकऱ्यांच्या नावांचाही हिशेब लागला होताच. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण १९५८ पासून होते. २०१५ च्या आवृत्तीत सुमारे ३,६०० व्यवसायांना आकडी संकेतांक आहेत आणि त्यातले पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या यादीशी जुळवलेले आहेत.

एवढी मेहनत झाल्यावर २०२३ मध्ये शिडीच बदलली. दहाऐवजी आठ पायऱ्या आल्या, आणि मध्ये साडेचार, साडेपाच अशा अर्ध्या पायऱ्या. पीएच.डी. दहावरून आठवर आली. आयटीआयच्या वीजतंत्री ट्रेडच्या अभ्यासक्रमावर आधी पातळी ५ छापलेली असे, नंतर ४ आली. पोरगा तोच, वायरिंग तेच, दोन वर्षेही तीच; आकडा उतरला. धोरण करणाऱ्यांच्या बाजूने याचे समर्थन आहे: शाळा, महाविद्यालय आणि धंदेशिक्षण या तिघांना एकाच राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात बसवायचे तर मापे जुळवावीच लागतात. बारावी ४ वर, पदवीचे पहिले वर्ष साडेचारवर, तिसरे साडेपाचवर. आता वीजतंत्री आणि बारावी पास एका रेषेत दिसतात. पण ज्याच्या जुन्या कागदावर ५ आहे आणि ज्याच्या नव्यावर ४ आहे, ते दोघे एकाच ठेकेदाराकडे गेले तर काय होईल? बहुधा काहीच नाही. ठेकेदाराने तो आकडा कधी पाहिलेलाच नसतो. तो विचारतो, ‘वायरमनचं परमिट आहे का?’

हे परमिट राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचे, आणि ते विचारण्यामागे कायदा आहे. वीज सुरक्षेचे नियम सांगतात की काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचे, देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला माणूस हवा. तळोज्यातल्या कारखान्यांच्या बॉयलर अटेंडंटचेही तेच. फर्स्ट क्लास, सेकंड क्लास या दर्जांचा तिथे परीक्षेतल्या टक्क्यांशी संबंध नाही. कोणत्या आकाराचा बॉयलर कुणाच्या हाती द्यायचा, याची ती वाटणी आहे. कौशल्याचा आराखडा यायच्या कितीतरी आधी ‘सक्षमता’ हा शब्द या खात्यांत घट्ट बसला होता. बॉयलर फुटला की माणसे मरतात आणि निरीक्षक पहिला प्रश्न विचारतो तो चालवणाऱ्याच्या कागदाचा.

शब्द सैल राहिला तर काय होते, याचे उत्तम उदाहरण खांदा कॉलनीच्या शेजारी, कळंबोलीच्या लोखंड बाजारात रोज रस्त्यावर धावते. ड्रायव्हिंग लायसन्स हे देशातले बहुधा सर्वांत जास्त तपासले जाणारे कौशल्यपत्र. त्यावर ‘एलएमव्ही’ असते, हलके मोटार वाहन. मोटार वाहन कायद्यात त्याची व्याख्या वजनावर केलेली आहे: ७,५०० किलोपर्यंत. पण कायद्यात ‘मालवाहू-प्रवासी वाहन’ असा वेगळा वर्गही आहे. मग कळंबोलीहून पत्रे भरून निघालेला, एकूण वजन सात टनांच्या आत असलेला टेम्पो एलएमव्हीवाल्याने चालवला तर चालतो का? पोलिसाला एक वाटे, आरटीओला दुसरे. अपघात झाला की विमा कंपनी म्हणे, चालकाकडे या वाहनाचे वैध लायसन्स नव्हते, पैसे मिळणार नाहीत. हा वाद देशभरच्या न्यायाधिकरणांत वर्षानुवर्षे चालला. ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी मुकुंद देवांगन प्रकरणात चालते असे सांगितले. त्यावर शंका घेतली गेली, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच कायम केले. ७,५०० किलोच्या आतले मालवाहू वाहन चालवायला एलएमव्ही पुरते. तीन अक्षरांचा अर्थ लावायला घटनापीठ बसवावे लागले. जेएनपीए बंदरातून कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरच्या चालकाला हा दिलासा नाही, त्याला ‘हेवी’ लागतेच. आणि रसायनी-तळोज्याकडे धोकादायक रसायनाचा टँकर न्यायचा तर वेगळे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते.

हा प्रश्न सगळ्या जगाला एकदम सोडवावा लागला असा एक धंदा आहे, आणि त्याची एक जुनी शाळा पनवेल तालुक्यातच आहे. न्हावा इथे सर महंमद युसुफ यांनी १९१० मध्ये खलाशांसाठी सुरू केलेली ‘टी. एस. रहमान’. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरून जहाजावर जाण्याची वाट फार जुनी. खलाशाचे सगळे भांडवल म्हणजे त्याची सीडीसी, कोणत्या जहाजावर कधी चढला आणि कधी उतरला याची नोंदवही. गोव्यातले दर्यावर्दी तिला ‘नली’ म्हणतात. या नोंदीतून माणूस समुद्रावर किती काळ होता ते कळे. बोटीला आग लागली तर तो काय करील, ते कळत नसे.

जहाजाची अडचण अशी की मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, कप्तान तिसऱ्याचा, खलाशी चौथ्याचे. म्हणून ७ जुलै १९७८ रोजी लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सभेत एक करार झाला. दर्यावर्दींचे प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि पहारा यांची मानके ठरवणारा हा करार एसटीसीडब्ल्यू या नावाने ओळखला जातो. अंमल १९८४ पासून. त्या पहिल्या मसुद्यात ठिकठिकाणी एक सोयीचा शब्दप्रयोग होता: उमेदवाराचे ज्ञान ‘प्रशासनाचे समाधान होईल असे’ असावे. कोणत्या प्रशासनाचे? ज्या त्या देशाच्या. एका देशाचे समाधान कडक तोंडी परीक्षेनंतर होई, दुसऱ्याचे फी भरल्यावर. कागद सगळ्यांचे सारखे दिसत.

१९९५ मध्ये हा करार जवळजवळ नव्याने लिहिला गेला, आणि तो पाहण्यासारखा आहे. प्रत्येक कामासाठी चार रकान्यांचा तक्ता. पहिल्यात क्षमता, म्हणजे करायचे काय. दुसऱ्यात त्यासाठी लागणारे ज्ञान आणि कसब. तिसऱ्यात ते कसे करून दाखवायचे. चौथ्यात ते बरोबर झाले हे परीक्षकाने कशावरून ठरवायचे. जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वीच्या अगदी मूलभूत प्रशिक्षणातली मागणी बघा: लाइफजॅकेट अंगावर चढवायचे, उंचावरून सुरक्षितपणे पाण्यात उडी मारायची, लाइफजॅकेट घातलेले असताना उलटा पडलेला तराफा पाण्यात सरळ करायचा, लाइफजॅकेटशिवाय तरंगत राहायचे. इथे ‘माहिती असणे’, ‘जाणीव असणे’ असली गुळमुळीत क्रियापदे नाहीत. नवी मुंबईतल्या एखाद्या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या तलावात एकोणीस वर्षांचा पोरगा त्या उलट्या तराफ्याच्या तळाला पाय रोवतो, दोरी धरून मागे झुकतो, आणि तराफा त्याच्या अंगावर येतो. खालून तो बाहेर आला की परीक्षक खूण करतो. हेच मनिलातल्या पोराला आणि ओडेसातल्या पोराला करावे लागते. आणि एकदा केले की कायमचे सुटले असेही नाही: दर पाच वर्षांनी ही क्षमता टिकून असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

कागदाला खरे वजन दिले ते मात्र तक्त्यांनी नव्हे. कोणत्याही बंदरातला निरीक्षक परदेशी जहाजावर चढून प्रमाणपत्रे तपासू शकतो आणि ती पटली नाहीत तर जहाज अडवून ठेवू शकतो. जहाज एक दिवस अडले तरी मालकाचे केवढे नुकसान. त्यात २००० साली सागरी संघटनेने करार नीट पाळणाऱ्या देशांची ‘श्वेत यादी’ जाहीर केली. यादीबाहेरच्या देशाचे प्रमाणपत्र घेऊन फिरणे अवघड झाले. तेव्हा कुठे मालकाने, एजंटाने, प्रशिक्षण संस्थेने आणि न्हाव्याच्या पोरानेही ते चार रकाने मनावर घेतले.

जमिनीवर अशी निकड नाही. युरोपने २००८ मध्ये आठ पायऱ्यांची आपली चौकट आखली, पुढे ‘एस्को’ नावाची बहुभाषिक यादी काढली. तिच्यात सुमारे तीन हजार व्यवसाय आणि साडेतेरा हजारांहून अधिक कौशल्ये आहेत. पोर्तुगालमधल्या सुताराचे कसब फिनलंडमधल्या कंपनीच्या संगणकाला कळावे, ही कल्पना. अमेरिकेत ‘क्रेडेन्शियल इंजिन’ या संस्थेने कागदांचे वर्णन करण्याची एक सामाईक भाषाच रचली: हा कागद कोण देतो, त्यासाठी काय यावे लागते, मूल्यमापन कसे होते, तो कधी कालबाह्य होतो, प्रत्येक बाबीला ठरलेला रकाना. या संस्थेने २०२२ मध्ये देशातल्या पदव्या, प्रमाणपत्रे, परवाने आणि डिजिटल बिल्ले मोजले. आकडा निघाला १०,७६,३५८. पावणेअकरा लाखांच्या थोडा वरच. खांदा कॉलनीतला ‘डिप्लोमा’ त्यापुढे बराच सज्जन वाटतो. युनेस्कोनेही पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा जागतिक करार २०१९ मध्ये केला. तो ५ मार्च २०२३ पासून अमलात आहे.

आपल्याकडे या घडीला जोर आहे तो श्रेयांकांवर. ३० तासांचे शिकणे म्हणजे एक श्रेयांक, वर्षाला साधारण ४०. ते ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात, यूजीसीने त्याचे नियम जुलै २०२१ मध्ये काढले. ठाकूर महाविद्यालयात किंवा पनवेलच्या महात्मा फुले महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलाच्या गुणपत्रकावर आता मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, ओजेटी अशी अक्षरे असतात. व्हीएससी म्हणजे व्यावसायिक कौशल्याचा विषय, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे शिक्षण. पालक बिचारे अजून ‘फर्स्ट क्लास आला का?’ यावरच आहेत, आणि त्यात त्यांची चूक नाही. श्रेयांक हे माप चांगले आहे, एका कॉलेजातून दुसऱ्यात जाताना किंवा मध्ये दोन वर्षे सोडून परत येताना फार उपयोगी. पण ते वेळेचे माप आहे. टायपिंगच्या कागदाने जो प्रश्न टाळला होता, किती तास बसलास, तोच इथे केंद्रस्थानी आला आहे. ओजेटीचे १२० तास तळोज्यातल्या एखाद्या कंपनीत फायली लावण्यात गेले काय किंवा जीएसटीची विवरणपत्रे भरण्यात गेले काय, श्रेयांक चारच. हा फरक पकडायचा तर रकाना दुसरा लागेल. राज्याच्या कौशल्य विद्यापीठाला २०२४ मध्ये रतन टाटांचे नाव दिले गेले. असले रकाने भरायची पहिली अपेक्षा त्याच्याकडूनच.

आणि एक काम असे आहे की त्यात चूक बॉयलरइतकीच महागात पडते, पण दारात निरीक्षक नाही. खांदा कॉलनीची पहिली पिढी आता म्हातारी होते आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. पॅरालिसिस झालेल्या आजोबांकडे बघायला ‘ब्युरोची बाई’ येते, बारा तासांची किंवा चोवीस तासांची. तिला घरात कुणी ‘सिस्टर’ म्हणते, कुणी ‘मावशी’. सिस्टर म्हणावे तर तिचे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदलेले हवे: एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग. बहुतेकींचे ते नसते. त्यांच्या कामासाठी कौशल्य आराखड्यात ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ नावाची पात्रता आहे आणि तिची प्रमाणके वाचली तर लिहिणाऱ्याने काम जवळून पाहिले होते हे कळते. रुग्णाला अंघोळ घालणे, कपडे बदलणे, खायला घालणे, एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवणे, या प्रत्येकाचे वेगळे तुकडे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस ठरावीक वेळाने बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच ठेवायची. भरवताना डोके उंच. कोणते काम नर्सला विचारल्याशिवाय करायचे नाही, तेही त्यात आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर जून २०२१ मध्ये केंद्राने आघाडीवरच्या मदतनिसांसाठी सहा भूमिकांचे छोटे अभ्यासक्रम काढले, त्यातली एक घरच्या शुश्रूषेचीच होती.

ज्या बाईने वीस वर्षे हेच काम केले आणि जिच्याकडे कागद एकही नाही, तिच्यासाठीही वाट ठेवलेली आहे. ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’, बोलीत आरपीएल. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत तिची चाचणी घेऊन, येते आहे ते तपासून प्रमाणपत्र देता येते. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने तर अनुभवाला गुणकच लावला आहे: एक ते चार वर्षांच्या अनुभवाला १.३३, चार ते सातला १.६७, सातच्या वर गेले की २. वीस वर्षे गाठीशी असलेल्या बाईचे श्रेयांक कागदोपत्री दुप्पट होतात. प्रमाणपत्रावर क्यूआर कोडही असतो. मोबाइल धरला की खरे-खोटे कळते.

तो मोबाइल धरणार कोण? आजोबांचा मुलगा बंगळुरूहून ब्युरोला फोन करतो, तेव्हा विचारतो अनुभव किती, स्वयंपाक करील का, रात्री झोपणार नाही ना. पातळी कितीची, कोणत्या प्रमाणकावर तपासलेली, हे त्याला माहीतच नसते, आणि ब्युरोलाही ते सांगण्यात काही लाभ नसतो. ब्युरोची आपली एक शिडी आहे, दोनच पायऱ्यांची: ‘ट्रेंड’ आणि ‘अनट्रेंड’. ट्रेंडचा दर जास्त. मुलगा ट्रेंड पाठवा म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाई येते, चप्पल दाराबाहेर काढते आणि आजोबांची पाठ पाहायला आधी चादर बाजूला करते, किंवा करत नाही.